तीन बादल्यांचा फिल्टर

"माणूस काय खातो ते मागून इचारा. श्वास कसा घेतो ते आधी बघा." गाडीचं बॉनेट उघडलं की मालनबाई ओव्हाळ हे म्हणणार म्हणजे म्हणणारच. ऐकणारा ड्रायव्हर नवा असला तर हसायचा. जुना असला तर मुकाट्यानं बाजूला सरकायचा, कारण पुढं काय होणार ते त्याला ठाऊक असायचं. फिल्टर बाहेर निघायचा, बाई तो उन्हाला धरून एक डोळा मिटून बघायच्या, आणि मग त्या ड्रायव्हरची खरडपट्टी निघायची.

माजलगावच्या पुढं, सिंदफणा नदीच्या अंगाला असलेल्या त्या सहकारी साखर कारखान्याच्या गॅरेजात मालनबाईंनी एकोणीस वर्षं हेच काम केलं. ट्रॅक्टर, ट्रक, टँकर, साहेबलोकांच्या गाड्या, जे काही धुळीतून येईल त्याचा एअर फिल्टर काढायचा, कंप्रेसरच्या हवेनं झाडायचा, उजेडाला धरून तपासायचा, परत बसवायचा. हजेरीपत्रकावर त्यांचं काम मात्र 'सफाई, रोजंदारी' असंच लिहिलेलं. बाई म्हटली की कारखान्याच्या कारकुनांना झाडूच सुचतो, त्याला कोण काय करणार.

सुरुवात खरोखर झाडूनंच झाली होती. त्याआधी अकरा हंगाम कोयता. नवरा सर्जेराव आणि त्या, दोघं मिळून ऊस तोडत कुठं कुठं हिंडले. मग सर्जेरावला कारखान्याचा ट्रॅक्टर चालवायला मिळाला, भीमनगरात दोन खोल्या झाल्या, आणि चारच वर्षांत एका उलटलेल्या ट्रॉलीनं त्याची कंबर कायमची घेतली. त्याच्या जागी म्हणून नव्हे, त्याच्यावर दया म्हणून बाईंना गॅरेज झाडायला ठेवलं. एका हंगामात फिल्टर झाडणारा गडी आठ दिवस आलाच नाही. बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली. बाईंनी झाडू ठेवला आणि हवेची नळी हातात घेतली.

तो गडी बाहेरून हवा मारायचा. बाईंनी आतून मारली. गॅरेजचे मुख्य मिस्त्री रामकिसन यांनी विचारलं, "उलटी कावून मारता?" बाई म्हणाल्या, "गोधडी झाडताना धूळ आत ठोकता का मिस्त्री?" रामकिसन मिस्त्रींनी पुढचा फिल्टर स्वतः काढून त्यांच्या हातात दिला. तो गडी नवव्या दिवशी आला तेव्हा त्याला दुसरं काम शोधावं लागलं.

तर अशी ही बाई. तोंडानं फटकळ, हातानं हळू. आता त्या दुष्काळाकडं येतो.

दोन हजार सोळाचा उन्हाळा. माजलगावचं धरण तळाला गेलेलं, वाफे करपलेले, उसाचं नाव नाही. कारखान्याचा बॉयलर त्या साली पेटलाच नाही. गॅरेजात माणसं निम्मी उरली, पण धूळ दुप्पट झाली. कारखान्यानं तलवाड्याला जनावरांची छावणी उघडली होती, आसपासच्या गावांना टँकर चालू होते, आणि रस्त्यांचं डांबर कधीच निघून गेलेलं. फुफाटा इतका की समोरून येणारा टँकर आधी ढगासारखा दिसायचा. भीमनगरला कारखान्याचा टँकर चार दिवसांआड यायचा. घरटी दोन घागरी. गॅरेजला मात्र पाण्याचा एक मोठा ड्रम भरून मिळायचा, कामगारांना प्यायला आणि गाड्यांच्या रेडिएटरला. ड्रम तारेच्या कुंपणाला लागून होता, आणि कुंपणापलीकडं भीमनगर.

कारखान्याकडं एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या दोन टर्बो गाड्या होत्या. एक चेअरमन मोहनरावांची, दुसरी कार्यकारी संचालकांची. दर मंगळवारी दोन्ही गाड्या एकामागोमाग तलवाड्याच्या छावणीवर जायच्या. टर्बो म्हणजे काय, हे मालनबाई नव्या ड्रायव्हरांना असं सांगायच्या: इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा इवलासा पंखा, तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबतो. मिनिटाला लाखावर फेरे घेतो. म्हणजे त्याच्या वाटेत वाळूचा कण आला तर तो कण राहत नाही, गोळी होतो. म्हणून त्याच्या तोंडाशी कंपनीनं एक काळा डबा दिलेला. घट्ट झाकण, चार क्लिपा, आत घडीघडीचा कागदी फिल्टर. डब्याची सोंड दिव्यामागून थंड हवा घ्यायची. दिसायला अगदीच बापुडवाणा डबा.

हा डबा चेअरमनसाहेबांच्या भाच्याच्या डोळ्यात खुपला. बंकट त्याचं नाव. पुण्याला राहून आलेला, मामाच्या कृपेनं कारखान्याची खरेदी बघणारा, आणि गाड्यांमधलं आपल्याला सगळं कळतं असं मानणारा. वैशाखात तो पुण्याहून एक खोकं घेऊन आला. आत लालभडक फिल्टर, निमुळता, तेल लावलेल्या सुताच्या जाळीचा. काळा डबा काढून टाकायचा आणि हा उघडाच इंजिनाशेजारी बसवायचा.

"ह्याला हवा मोकळी मिळती," बंकट मिस्त्रींना सांगत होता. "डब्यात गाडीचा दम कोंडतो. ह्याच्यानं पिकअप वाढतो. अन् कागद फेकावा लागत न्हाई, हा धुवून परत वापरायचा. जल्मभर."

मालनबाईंनी फिल्टर हातात घेतला, फिरवला, उन्हाला धरला. जाळीतून ऊन आरपार दिसत होतं, कागदातून कधी दिसलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "बंकटभाऊ, हवा मोकळी मिळती हे खरं. पर फुफाट्यात तोंड उघडं टाकून पळणाऱ्याला बी मोकळीच मिळती. पुण्याच्या सडकंला चालंल हे. तलवाड्याच्या रस्त्याला न्हाई. अन् इंजिनाच्या शेजारची हवा तापलेली असती. डबा बाहिरची गार हवा घेतो."

बंकट हसला. "मावशे, तू शिकलीस किती?"

"चौथी. पर फिल्टर पंचवीस हजार तरी झाडले असतील. तुमी किती?"

गॅरेजात कोणीतरी फिसकन् हसलं. बंकटनं ते लक्षात ठेवलं. रामकिसन मिस्त्रींना बाईंचं म्हणणं शब्दन् शब्द पटलं होतं, पण निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. माणसाच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली की त्याला मूग फार गोड लागतात. ते गिळून गप्प बसले. लाल फिल्टर बसला.

आता गाडी रेस केली की टर्बो शीळ घालायचा. डब्यात दबून राहणारा आवाज मोकळा झाला होता. चेअरमनसाहेबांना तो आवडला. छावणीवर पोचायच्या आधी अर्धा मैल लोकांना कळायचं, साहेब आले. गुरांना चारा कमी होता त्या साली, पण शीळ भरपूर होती.

बारा दिवसांत लाल जाळी मातकट झाली. बंकट डबी आणि बाटली घेऊन आला. "मावशे, धुवायचा. आधी ही पावडर लावून भिजवायचा, मग आतून पाणी सोडायचं, निवळ पाणी येईस्तोवर. वाळला की हे लाल तेल."

बाईंनी धुतला. हुकूम होता, धुतला. ड्रमचं पाणी घेतलं. पहिली बादली भिजवायला गेली. दुसरी खळबळायला. पाणी निवळ येईना, म्हणून तिसरी. काळंतांबडं फेसाळ पाणी कुंपणाच्या बाजूला ओतलं आणि मान वर केली, तर तारेपलीकडं भीमनगरच्या बाया उभ्या. त्या दिवशी टँकर यायचा होता, आला नव्हता. चौदा जणी. चौदांच्या घागरी रिकाम्या. बायनाबाई तेवढी बोलली. वय सत्तरीच्या पुढं, मालनबाईंना लग्नापासून ओळखणारी.

"मालन," ती म्हणाली, "त्येला लई तहान लागलती का गं?"

तिसरी बादली अजून हातात होती. मालनबाईंना वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. त्यांचा बाप सांगायचा, आपल्या माणसांना तळ्याचं पाणी ओंजळीनं प्यायलासुद्धा लढावं लागलं, तेव्हा पाणी वाहतं बघू नये. आणि बापाच्या लेकीनं तीन बादल्या एका गाडीच्या नाकाला घातल्या होत्या. त्या घरी गेल्या आणि त्या दिवशी त्यांनी पाण्याला हात लावला नाही. शरम वाटली, स्वतःचीच. एवढी त्यांना आयुष्यात कशाची वाटली नव्हती.

आठ दिवसांनी बंकट परत आला. जाळी परत मातीनं भरली होती. रस्ताच तसा होता.

"मावशे, धू."

"न्हाई धुणार."

"काय म्हणालीस?"

"न्हाई धुणार म्हणलं. तीन बादल्या लागत्यात. प्यायचं पाणी हाय ते." त्यांनी फळीवरचा काळा डबा काढून समोर ठेवला. त्यांनी तो पुसून ठेवला होता. "हा बसवा. ह्याचा कागद मी रोज हवेनं झाडून देते. थेंब लागत न्हाई पाण्याचा."

"साहेबांची गाडी हाय, ध्यानात ठिव."

"गाडी साहेबांची. पाणी न्हाई साहेबांचं."

बंकटचा चेहरा त्याच्या फिल्टरसारखा झाला. त्यानं स्वतःच हवेची नळी ओढली आणि पूर्ण दाबानं लाल फिल्टरवर मारली. माती उडाली, तिच्याबरोबर सुताचे बारीक तंतूही उडाले. तेलाची बाटली संपली होती, नवी पुण्याहून यायची होती. तो तसाच, कोरडा, बसवू लागला.

"बंकटभाऊ," बाई आता शांतपणे म्हणाल्या, "धूळ त्या तेलालाच चिकटती. तेल न्हाई तर ही नुसती चाळण हाय. पंखा जाईल."

"तुझं काम झाडायचं. शिकवायचं न्हाई."

पंधरा दिवसांनी पंखा गेला. धर्मापुरीला कुणाच्या तरी लग्नाला चेअरमनसाहेब निघाले होते. परळीच्या पुढं चढाला गाडीची शीळ एकदम किंकाळीसारखी झाली, मागून निळ्या धुराचा लोट निघाला आणि पिकअप गेला. ड्रायव्हर बिभीषणनं गाडी बाजूला घेतली. लग्नाची वेळ टळत होती. शेवटी पाहुण्यांच्या टेंपोत, वाजंत्रीवाल्यांच्या शेजारी बसून मोहनराव मांडवात पोचले. ढोल त्यांच्या मांडीवर होता, असं बिभीषण पुढं बरेच दिवस सांगत असे, ते मात्र मी खरं धरत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. टर्बो उघडला. पंख्याच्या पात्यांच्या कडा झिजून उंदरानं कुरतडल्यासारख्या झालेल्या. बंकटनं मामाला सांगितलं ते अगदी सरळ होतं, आणि वरवर बघता खोटंही नव्हतं: फिल्टर धुवायला सांगितला, मालनबाईनं धुतला नाही, म्हणून टर्बो गेला.

ऑफिसच्या व्हरांड्यात चौकशी झाली. खुर्चीवर मोहनराव, शेजारी बंकट, पायरीखाली मालनबाई आणि रामकिसन मिस्त्री. मोहनराव काही दुष्ट माणूस नव्हता. भाषण चांगलं करायचा, मयतीला वेळेवर यायचा. पण टेंपोतून उतरताना पाहुण्यांनी त्याला पाहिलं होतं, आणि त्याचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडायलाच हवं होतं.

"मालनबाई, फिल्टर धुवायचा हुकूम होता का?"

"व्हता."

"मोडलात?"

"मोडला."

इतकं सरळ उत्तर येईल असं साहेबांना वाटलं नव्हतं. माणूस नाही म्हणेल, रडेल, दुसऱ्यावर ढकलेल, याची तयारी करून ते बसले होते.

"पर साहेब," बाई म्हणाल्या, "हुकूम मोडला म्हणून पंखा गेला, हे म्हणू नका. दोन गाड्या हायेत. एकच कंपनी, एकच साल. तलवाड्याला एकाच दिवशी जात्यात, एकाच फुफाट्यातून. एकीला कंपनीचा डबा, एकीला पुण्याची जाळी. दोन्हीच्या फिल्टरच्या मागल्या नळ्या उघडा. त्या नळीत जी धूळ घावंल ती फिल्टरनं सोडलेली. तिथं माझा काही संबंध न्हाई अन् बंकटभाऊंचा बी न्हाई."

मोहनरावांनी मिस्त्रींकडं पाहिलं. मिस्त्रींना आता मूग गिळता येईनात. ते म्हणाले, "बाईंचं बरोबर हाय, साहेब. उघडून बघाया काय जातंय."

दोन्ही गाड्या व्हरांड्यासमोर उभ्या केल्या. बाईंनी कमरेचा एक पांढरा फडका काढला. बुद्धपौर्णिमेला नेसायचं त्यांचं लुगडं जुनं झालं, त्याचा तो तुकडा. आधी कार्यकारी संचालकांच्या गाडीची नळी. कंपनीचा डबा, त्यातला कागद सहा महिने रोज हवेनं झाडलेला. फडका बोटाला गुंडाळून त्यांनी नळीच्या आत पार वळणापर्यंत फिरवला आणि बाहेर काढला. तेलाचा एक पुसटसा डाग सोडला तर फडका पांढरा. मग दुसरं टोक, चेअरमनसाहेबांची नळी. हात बाहेर आला तेव्हा फडक्यावर तलवाड्याचा रस्ता होता. तांबडा, बारीक, दोन बोटांत चोळला तर किरकिरणारा.

बाईंनी फडका व्हरांड्याच्या कठड्यावर पसरला. दोन्ही टोकं दिसतील असा. बंकट म्हणाला, "धुतला असता तर..." मिस्त्रींनी त्याला तिथंच अडवलं. साहेबलोकांपैकी कुणाला अडवायची मिस्त्रींची ही पहिलीच वेळ. "धुतल्याव बी तेल लागतं, बंकटराव. तेल नव्हतं. अन् हवा तुमी मारली. जाळी फाटली ती त्या हवेनं. मी बघत हुतो."

मोहनरावांनी वाकून फडक्यावरची धूळ दोन बोटांत चोळून पाहिली. त्यांना कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि झाडणाऱ्या बाईकडून कळलं हे चारचौघांत कबूल करणं वेगळं. ते उठले.

"फिल्टरचं राहू द्या. तो पुन्हा कंपनीचाच बसवा. पण हुकूम मोडला तो मोडला. आज एकीनं मोडला, उद्या दहा जण मोडतील. उद्या दुपारपर्यंत माफीनामा लिहून द्या. नसंल द्यायचा तर परवापासून येऊ नका."

त्या कारखान्यात माफीनाम्याची एक रीत होती. ज्याच्याकडून चूक झाली त्यानं टाइम ऑफिसात यायचं. तो सांगेल ते कारकुनानं त्याच्याच शब्दांत लिहायचं, वाचून दाखवायचं, सही घ्यायची. पूर्वी कारकून आपल्या मनानं लिहायचे, त्यावरून एकदा कामगार कोर्टात कारखान्याचं नाक कापलं गेलं, तेव्हापासून शब्द कामगाराचे आणि शिक्का कारखान्याचा असा नियम झाला. मग तो कागद गेटवरच्या काचेच्या फळ्यात आठ दिवस लावायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचावा आणि धडा घ्यावा म्हणून. आठ दिवस म्हणजे आठ दिवस. ठराव होता तसा. त्या फळ्याच्या भीतीनं मोठमोठे गडी वाकलेले मी ऐकले आहेत.

संध्याकाळी सर्जेराव खाटेवर पडून ऐकत होता. त्याला सगळं आधीच कळलं होतं, भीमनगरात गोष्टी पाण्यापेक्षा लवकर पोचतात. तो म्हणाला, "माग म्हणत न्हाई अन् नको मागू बी म्हणत न्हाई. पर काम गेलं तर पुन्हा कोयता हाय, मालन. अन् माझ्यानं आता कोयता धरवत न्हाई. तुला एकटीला कोण उचल देईल? कोयता जोडप्याचा असतो."

हे खरं होतं. अट्ठेचाळिसाव्या वर्षी, आजारी नवऱ्याला मागं टाकून, दुसऱ्याच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून जायचं. बाईंना आपल्या हातांची भीती वाटली. त्या हातांना आता पात्यांची सवय राहिली नव्हती. भीती वाटली आणि रागही आला. असं पोटाला धरून माफी मागायला लावणाऱ्याचा राग.

"चूक झालीच न्हाई असं मी म्हणत न्हाई," त्या सावकाश म्हणाल्या. "झालीय. पर ते म्हणत्यात ती न्हाई."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्या टाइम ऑफिसात गेल्या. तिथला कारकून शहादेव, मान खाली घालून काम करणारा. त्यानं कागदाच्या डोक्याला 'माफीनामा' लिहिलं, तारीख टाकली आणि म्हणाला, "सांगा मावशी. 'माझ्या हातून चूक झाली' इथनं करू का सुरू?"

"तिथनंच कर. चूक झालीच हाय."

त्या सांगत गेल्या, तो लिहीत गेला. चौथ्या ओळीला त्याचा पेन थांबला.

"मावशी, हे लिहू?"

"शब्द कामगाराचे, असा नियम हाय का न्हाई?"

"हाय."

"मग लिव्ह."

कागद पुरा झाला तेव्हा तो असा होता. 'मी मालनबाई सर्जेराव ओव्हाळ, गॅरेज खातं. माझ्या हातून चूक झाली. चेअरमनसाहेबांच्या गाडीचा फिल्टर धुवायला मी तीन बादल्या प्यायचं पाणी घातलं. तेव्हा कुंपणापाशी चौदा बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना पाणी दिलं नाही, गाडीला दिलं. त्याबद्दल मी त्यांची माफी मागते.' पुढं चौदा नावं. पहिलं बायनाबाईचं, मग दगडाबाई, रतनबाई, सरूबाई, अशी शेवटपर्यंत, नवऱ्याच्या नावासकट. या बायांची नावं कारखान्याच्या कागदावर यापूर्वी कधी चढली नव्हती. आणि शेवटी: 'दुसऱ्यांदा धुवायला सांगितलं तेव्हा मी धुतला नाही. ती चूक नव्हती. परत सांगितलं तर परत धुणार नाही.'

शहादेवनं वाचून दाखवलं. चौदा नावांत त्याच्या आईचंही होतं; ते त्यानं सावकाश वाचलं. बाईंनी चौथीतल्या अक्षरात सही केली.

लेबर ऑफिसर घाईत होते. असे कागद बघताना ते तीनच गोष्टी बघायचे: वर 'माफीनामा' आहे का, खाली सही आहे का, तारीख आहे का. तिन्ही होत्या. त्यांनी शिक्का मारला. चेअरमनसाहेबांना फोनवर कळवलं, "दिला बाईंनी माफीनामा." साहेब म्हणाले, "बघा, नुसतं ताठ बोलतात. लावा फळ्यावर." काच उघडली, कागद लागला, कुलूप पडलं.

पहिल्या दिवशी कामगारांनी वाचला. दुसऱ्या दिवशी टँकरवाल्यांनी वाचला, आणि बिभीषणनं मोठ्यानं वाचून दाखवला, ढोलवाल्या आवाजात. संध्याकाळी भीमनगरच्या बाया गेटपाशी आल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी आपलं नाव कुठं आहे ते विचारून काचेवर बोट ठेवून पाहिलं. बायनाबाईनं दोनदा पाहिलं. त्याच दिवशी रामकिसन मिस्त्रींनी, कुणाला न विचारता, गॅरेजच्या ड्रमला एक नळी जोडली आणि तिची तोटी कुंपणापलीकडं काढली. मिस्त्रींच्या निवृत्तीला तेव्हाही दोन वर्षंच उरली होती, पण आता त्यांना त्याची आठवण झाली नसावी.

तिसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब कार्यकारी संचालकांच्या गाडीतून आले. गेटवर गर्दी बघून गाडी थांबवली, उतरले, चष्मा लावला. गर्दी पांगली नाही. त्यांनी कागद वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, चौदा नावांसकट. मग लेबर ऑफिसरला बोलावलं.

"काढा हा."

लेबर ऑफिसरला घाम फुटला होता. "साहेब, आठ दिवसांच्या आत काढायचा तर संचालक मंडळाचा ठराव लागतो. ठराव म्हटलं की कागद इतिवृत्तात उतरवावा लागेल. अन् इतिवृत्त सगळ्या सभासदांना जातं. गावोगाव."

मोहनराव चालतच गॅरेजकडं निघाले. त्यांची गाडी आत उभी होती, नवा टर्बो आणि जुना काळा डबा बसवलेली. मालनबाई तिचाच कागदी फिल्टर झाडायला घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या, पदर सारखा केला.

"मालनबाई," साहेब म्हणाले. आवाज हळू होता, मिस्त्रींना ऐकू जाऊ नये इतका. "तुमची रोजंदारी कुठं जात नाही. मी शब्द देतो. तुम्ही एक करा. तुम्ही स्वतः अर्ज द्या, माफी मागं घेतली म्हणून. मग कागद लगेच निघतो, ठरावाची गरज नाही."

बाईंनी त्यांच्याकडं सरळ पाहिलं. भीती गेली नव्हती. साहेबांचा शब्द किती दिवस टिकतो हे त्यांनाच काय, सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. पण त्यांना हसू आलं. ते त्यांनी दाबलं नाही.

"चौदा जणींची माफी मागितलीय साहेब, ती परत घेऊ? उद्या पाण्याला कुंपणापाशी कुठल्या तोंडानं उभी ऱ्हाऊ?"

"मालनबाई, मी सांगतोय."

"अन् मी न्हाई म्हणतीय," बाई म्हणाल्या. "अजून पाच दिवस हायेत. आमी सगळ्यांनी वाचलं. तुमी बी वाचत जावा की, जाता-येता."

मोहनरावांनी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर बाईंनी खाली बसून फिल्टर उलटा धरला होता आणि कंप्रेसरचं बटण दाबलं होतं. तांबडी धूळ साहेबांच्या पांढऱ्या कपड्यांवर उडाली, आणि त्यांचं पुढचं बोलणं त्या आवाजात कुणालाच ऐकू आलं नाही.